घामाची ठेव

हेमलता खासनीस ही मला माहीत असलेली एकमेव बाई, जिला घामाचं कौतुक होतं. मे महिना लागला की लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समधल्या बायका पदराने मान पुसत दिल्लीच्या उन्हाळ्याला शिव्या घालायच्या. ही मात्र ऑफिसातून आली की जिन्यात उभी राहून कपाळावरचा घाम बोटाने निपटायची आणि त्या बोटाकडे बघत राहायची. मला आधी वाटलं, बाई जरा सटकलेली आहे. मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या. परक्या गावात मराठी माणसाला दुसऱ्या मराठी माणसाची चौकशी केल्याशिवाय अन्न पचत नाही, त्यामुळे खरं कारण कळायला फार दिवस लागले नाहीत.

तिच्या मुलीला, मयुराला, घाम येत नव्हता. जन्मापासूनच.

मयुरा तान्ही असताना दर उन्हाळ्यात तापाने फणफणायची. डॉक्टर औषधं देत, ताप उतरत नसे, आणि थंडी पडली की आपोआप सगळं बंद. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं, पोरीच्या मानेवरून, पाठीवरून, काखेतून हात फिरवला आणि विचारलं, "इसे पसीना आता है?" हेमलता सांगायची की त्या प्रश्नाने तिच्या पायाखालची जमीन सरकली, कारण आईने रोज अंघोळ घातलेल्या अंगाबद्दलची ही गोष्ट आईच्याच लक्षात आली नव्हती. तो ताप नव्हताच. उष्णता आत साठत होती आणि तिला बाहेर जायला वाट नव्हती. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आणि या मुलीच्या कातडीत घामाची सोयच जवळजवळ नव्हती. औषध काही नाही, डॉक्टर म्हणाले. हिला भिजवत राहा.

मग हेमलताने तिला भिजवत ठेवलं. मयुरा शाळेत ओल्या शर्टाने जायची. पोरं तिला 'भीगी बिल्ली' म्हणायची. केस विरळ, दात मोजके, आणि जीभ मात्र अशी तिखट की चिडवणारा दुसऱ्यांदा वाटेला जात नसे. तरी घरी आल्यावर ती आईला एकच विचारायची. "आई, माझा घाम कुठे गेला?"

"माझ्याकडे ठेवायला दिलायस," हेमलता सांगायची. "हा बघ." आणि आपल्या कपाळावर तिचं बोट फिरवू द्यायची. पोरगी तो थेंब उजेडात धरून बघायची. माझ्याही ओठावरचा घाम तिने कितीदा तरी असा बोटावर घेतला आहे. "काकू, तू हे कसं करतेस?" असं विचारायची, जणू मी काही जादू शिकून आले होते.

तिचं अंग तापलं आहे हे ओळखायची या घरात एक खास रीत होती. थर्मामीटर लावेपर्यंत उशीर होई, म्हणून हेमलता तिला सतराचा पाढा म्हणायला लावायची. दिल्लीत वाढलेल्या या पोरीला 'कोनाडा' म्हणजे काय ते माहीत नव्हतं, 'खुंटी' सांगितली तर ती हसायची, पण पाढे मराठीत पाठ होते. उष्णता डोक्यात चढू लागली की पाढा अडखळायचा, बहुतेक वेळा सतरा चोकपाशी. तसं झालं की हेमलता हातातलं काम टाकून तिच्या डोक्यावर बादली उपडी करायची.

लोकांना वाटायचं, मे-जून तिला सर्वांत वाईट. तसं नव्हतं. लू, म्हणजे कोरडं गरम वारं, वाहत असली की ओला शर्ट बघता बघता सुकायचा आणि पोरगी गारेगार राहायची. खरा वैरी जुलै. हवाच इतकी ओली की अंगावरचं पाणी सुकेचना, आणि न सुकणारं पाणी कसली उष्णता नेणार! कूलरचंही तेच. जुलैत दिल्लीचे सगळे कूलर नुसते ओलसर वासाचं वारं फेकतात. तो महिना मयुरा जवळजवळ बाथरूममध्येच अभ्यास करायची.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं आणि आमच्या आवारात गाड्या दिसू लागल्या. ज्यांच्या सायकलींनाही कधी धड घंटी नव्हती, त्यांच्या दारात गाडी! हेमलताने जुनी, पांढरी, लहानशी गाडी घेतली, पण एसीवाली. आवारात कुजबुज झाली, की अप्पर डिव्हिजन क्लार्कबाईला एसी कशाला लागतो. ती कुजबुज हेमलताच्या कानावर गेली असणार. ती सरळ गाडी चालवायला शिकली. नवरा श्यामकांत हिशेबतपासणीच्या नोकरीत, महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर, आणि चाक हातात घ्यायला जाम घाबरायचा.

पहिल्याच दिवशी गाडी दारात उभी राहिली, तर खाली पाण्याचा थेंब थेंब. मयुरा गुडघ्यावर वाकून बघत ओरडली, "आई! हिला घाम येतो!" ते हवेतलं पाणी असतं, आतल्या थंड नळ्यांवर जमून खाली ठिबकतं, हे सगळ्यांना नंतर कळलं. पण त्या घरात त्याला घामच म्हणायचे. गाडीला घाम आला म्हणजे एसी ठीक आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र गाडी गार होईना. एका मिस्त्रीने गॅस भरला, दुसऱ्याने परत भरला. मग एकदा मी सोबत गेले आणि मागच्या सीटवर श्यामकांतराव काच दोन बोटं खाली करून बसलेले पाहिले. "हे काय?" तर म्हणाले, "खिडकी थोडी उघडी नको का? नाहीतर गार हवा येणार कशी?" जन्म कूलरपुढे गेलेला! कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. त्या दोन बोटांतून सगळ्या दिल्लीची धग आत येत होती. आम्ही हसून हसून बेजार झालो. हेमलता नाही हसली. तिने तिथेच ठरवलं की या यंत्राच्या पोटात काय चालतं ते आपल्याला कळलंच पाहिजे. आज खिडकी होती, उद्या दुसरं काही असेल, आणि त्या वेळी मागच्या सीटवर मयुरा असेल.

सरोजिनी नगरच्या बाजारामागे हरीश नावाचा एसीवाला होता. बोलघेवडा, बढाईखोर, पण मनाचा मोकळा. दर शनिवारी हेमलता त्याच्या दुकानी स्टुलावर बसून बघत राहायची आणि विचारत राहायची. गॅस संपतो म्हणजे जातो कुठे? हा काय पेट्रोल आहे जळायला? हरीश वैतागायचा, मग खुलायचा. एकदा तो हात झटकत म्हणाला, "मैडम, ठंडक नाम की कोई चीज होती ही नहीं. अंदर की गरमी उठाओ, बाहर फेंक दो, बस. यही एसी है."

त्या संध्याकाळी ती जिन्यात मला अडवून उभी राहिली. डोळे असे चमकत होते की मला वाटलं, प्रमोशन झालं.

"कल्पना, अगं तो घामच आहे! खरंच, बिल्कुल तसाच. आतल्या नळ्यांत ते द्रव असतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते गाडीतली उष्णता उचलतं. आपल्या कातडीवर होतं तेच. मग कंप्रेसर ती वाफ दाबून पुढच्या नळ्यांत ढकलतो, जाळीमागे. तिथे पंखा उष्णता बाहेर उडवतो, वाफेचं पुन्हा द्रव होतं, आणि पुन्हा आत. आपला घाम उडून जातो. हिचा फिरून परत येतो."

मी पायरीवर बसलेच. त्या दिवसापर्यंत घाम म्हणजे मला पावडरचा डबा आठवायचा. माझ्या दंडावर तेव्हाही बारीक थेंब होते, आणि त्यातला एकेक माझ्या नकळत माझा जीव राखत होता. इतकी वर्षं, आणि मी एका शब्दानेही आभार न मानता. मला अक्षरशः शहारा आला. आणि समोरच्या या बाईचं काय सांगू? देवाने मुलीला जे दिलं नाही ते लोखंडात सापडलं म्हणून ती जिन्यात लहान पोरीसारखी हसत होती.

मयुरा शिकली, कॉम्प्युटरवर हिशेबाचं काम करण्यात तयार झाली. पण नोकरी कुठे करणार? सरकारी परीक्षेला ती एकदा बसली होती, हॉलमध्ये कूलर, महिना जुलै. अर्ध्या पेपरात तिला उचलून बाहेर आणावं लागलं. त्याच सुमारास गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. मैत्रिणीबरोबर ती एकदा तिथे जाऊन आली आणि दारातूनच ओरडली, "आई, तिथे उन्हाळा नसतोच! म्हणजे आत. बारा महिने!" मी त्या इमारतींना काचेची खोकी म्हणून नावं ठेवत असे. त्या काचेआड एखाद्याला जगायला हवा मिळू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं ते दोन हजार सालच्या जुलैत, तेही दुपारचं. आदल्या रात्री पाऊस झालेला, वर कडक ऊन, हवा ओल्या फडक्यासारखी. श्यामकांतराव दौऱ्यावर. हेमलता गाडी चालवणार, शेजारी एसीच्या झरोक्यापुढे मयुरा, आणि तिच्या मागे सोबतीला मी. मयुराने फिकट निळा, कडक इस्त्रीचा सलवार-कमीज घातला होता. निघताना ती एवढंच म्हणाली, "आई, मला आज कोरडं जायचंय. एकदा तरी."

"कोरडीच नेईन," हेमलता म्हणाली.

तरी डिकीत पाण्याचे कॅन होतेच, ते कायमचे. धौला कुआँपर्यंत गाडी अशी गार होती की मी पदर गुंडाळून घेतला. महिपालपूर गेलं. रजोकरीच्या पुढे, हरियाणाच्या सीमेच्या अलीकडे, ट्रकांची रांग लागली आणि आम्ही तिच्यात अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला दुभाजक. परत फिरायलाही जागा नाही.

थोड्या वेळाने मयुराने समोरच्या झरोक्याकडे हात नेला. "आई, गरम येतंय."

हेमलताचा चेहरा मला आरशात दिसला. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. पण हात चालू होते. ब्लोअर लहान-मोठा करून पाहिला, हवा जोरात येत होती, पण कोमट. एसीचं बटण बंद करून परत दाबलं, तर 'टक्' वाजलं आणि इंजिन क्षणभर दबलं. "कंप्रेसर पकडतोय," ती स्वतःशीच बोलली. "आणि गॅस गेला असता तर धौला कुआँलाही गार झालं नसतं. चालताना गार, उभी राहिली की गरम..." तिने बॉनेट उघडलं. जाळीमागचा पंखा मेल्यासारखा उभा होता. गाडी धावत होती तोवर रस्त्यावरचं वारं त्याचं काम करत होतं. आता वारं नव्हतं आणि पंखाही नव्हता. तिने फ्यूज बदलला. पान्याच्या दांड्याने मोटरीवर टकटक केलं. काही नाही.

"पाढा म्हण," ती खिडकीशी येऊन म्हणाली.

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..." मयुराने म्हटला, सगळा. पण कान लाल झाले होते आणि आवाज जड होता. काच खाली केली तर बाहेरून डिझेलचा धूर आणि वाफारा आत आला, म्हणून पुन्हा लावली. मी डिकीतून कॅन आणला आणि झाकण उघडू लागले. हेमलताने तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी किंचाळले. "पोरगी भाजतेय! कपड्यांचं काय घेऊन बसलीस? घाल तिच्या अंगावर!"

"आज तिच्या अंगावर ते सुकणार नाही, कल्पना," ती म्हणाली. "हवेत आधीच पाणी आहे, आणि हे पाणीही कोमट झालंय. पण पुढच्या नळ्या चटका बसेल इतक्या तापल्यात. त्यांच्यावर सुकेल. तिथली उष्णता गेली की आतलीही जाईल." मग एक बाटली तिने माझ्या मांडीवर टाकली. "ही राखून ठेव. ती सतरा चोकला अडली, तर सरळ डोक्यावर ओत. तेव्हा मला विचारू नकोस."

मुलीसाठी आणलेलं सगळं पाणी घेऊन, बॉनेट लावून ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि जाळीवर बारीक धार धरली. सूं करून वाफ उठली. इंजिन चालू, एसी चालू, डोक्यावर जुलैचं ऊन, आणि ऑफिसच्या साडीतली ही बाई गाडीला पिंडीसारखं पाणी घालतेय. शेजारच्या ट्रकवाल्याने खिडकीतून मान काढली. "बहनजी, पूजा कर रही हो?"

"हां भैया, पूजा ही है," ती धार न थांबवता म्हणाली. "अंदर मेरी बेटी है."

आत हवा कोमटच. मयुराने डोळे मिटले होते. "सतरा एके सतरा," ती आपणहून पुटपुटू लागली. "सतरा दुणे... चौतीस. सतरा त्रिक... एक्कावन्न." मध्ये केवढे मोठे श्वास. "सतरा चोक..."

आणि पुढे काहीच नाही.

मी बाटलीचं झाकण फिरवलं. घाईत थोडं पाणी माझ्याच साडीवर सांडलं. ती बाटली तिच्या डोक्यावर धरणार, एवढ्यात मयुराने माझं मनगट पकडलं आणि दुसऱ्या हाताने माझी बोटं झरोक्यापुढे नेली.

"अडुसष्ट," ती म्हणाली. "काकू, ओतू नकोस. गार येतंय."

येत होतं. आधी नुसती कोमटपणा तुटल्याची शंका, मग खरंच गार, मग माझ्या बोटांना झोंबेल असं. मला रडू कोसळलं. मी काचेवर धडाधड हात आपटून पुढे उभ्या असलेल्या हेमलताला खुणावलं, आणि तिने मान हलवली, पण धार सोडली नाही. कॅन संपत आले तेव्हा तो ट्रकवाला आपला पाण्याचा डबा घेऊन खाली उतरला. त्याने आत मयुराकडे एकदा पाहिलं आणि हेमलता सांगेल तिथे धार धरू लागला. मी देवळांत पुष्कळ अभिषेक पाहिले आहेत. हात जोडावेसे वाटले ते त्या रस्त्यावर, त्या पांढऱ्या खटारा गाडीपुढे.

रांग हलली. गाडी चालू लागल्यावर वाऱ्याने पंख्याचं काम पुन्हा हाती घेतलं आणि मयुरा सतराच्या पाढ्यावरून एकोणिसाच्या पाढ्यावर गेली, निव्वळ मस्तीत. ही नोकरी तिला मिळाली की नाही, असं वाचणारा विचारेल म्हणून आत्ताच सांगून टाकते. मिळाली, आणि हिशेबात त्या पोरीचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं, त्यामुळे मिळायलाच हवी होती. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं.

इमारतीच्या पोर्चमध्ये गाडी थांबली. गाडीखाली थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. मयुरा उतरली, तिच्या निळ्या कमीजची इस्त्रीही मोडली नव्हती. हेमलता उतरली, तर ती नखशिखांत घामाने निथळत होती. ब्लाउज अंगाला चिकटलेला, केसांतून ओघळ, हनुवटीवरून टपटप. रखवालदार तिच्याकडे बघायला लागला. तिने पदराने तोंड पुसायला हात उचलला, तो मयुराने धरला. मग लहानपणी करायची तसं आईच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि तो थेंब उजेडात धरला.

"आई," ती म्हणाली, "माझा ठेवलेला सगळा आज संपवलास ना?"

"अजून पुष्कळ आहे," हेमलता म्हणाली. "तू जा."

काचेचं दार उघडलं आणि मयुरा आत गेली, कोरडी.